आखाडात आलेला नवरा

वकिलातीनं समीक्षाला व्हिसा दिला नाही आणि नाकारलाही नाही. नवरा-बायको म्हणून एकत्र राहिल्याचा पुरावा आणा, मग बघू, एवढं सांगून तिला खिडकीवरून परत पाठवलं. नाकारला असता तर तिच्या सासूनं, मंगलबाईंनी, दोन दिवस रडून घेतलं असतं, आणि दिला असता तर आधी पेढे वाटले असते आणि मग रडून घेतलं असतं. आता मात्र रडायचं की नाही हेच कुणाला कळेना. म्हणून रविवारी दुपारी कुंडलच्या घरात माणसं गोळा झाली.

पुराव्याला तसा तोटा नव्हता. लग्नाच्या फोटोंचे दोन जाडजूड अल्बम होते. पण त्यातल्या एकाही फोटोत विश्वजित आणि समीक्षा दोघंच नव्हती. शेजारी पाहुणे, मागं भाऊबंद, पुढं कुणाची तरी पोरं. खिडकीमागच्या बाईनं एका फोटोवर बोट ठेवून यातला नवरा कोणता म्हणून विचारलं, तेव्हा समीक्षालासुद्धा जरा शोधावं लागलं, कारण त्या फोटोत झाडून सगळ्यांना फेटे होते. लग्नानंतर विश्वजित पंधरा दिवस होता, ते जेजुरी, सत्यनारायण, गोंधळ आणि भावकीच्या जेवणावळीत गेले. मग तो अमेरिकेला नोकरीवर गेला. त्यानंतर दोन वर्षांत एकदाच आला, तीन आठवड्यांच्या रजेवर, आणि आला तो नेमका आखाडात.

आता लग्नानंतरच्या पहिल्या आखाडात सासू-सुनेनं एकमेकींचं तोंड बघायचं नसतं, हे खिडकीमागच्या बाईला कुठून ठाऊक असणार? तिनं विचारलं, नवरा आला तेव्हा तुम्ही कुठं होता? माहेरी, आटपाडीला. आणि तो? त्याच्या घरी, कुंडलला. मध्ये अंतर किती? गाडीनं दोन तास. मग असं का? समीक्षा म्हणाली, आखाड होता म्हणून. दुभाष्या मराठी होता, त्यानं आखाड नीट समजावून सांगितला. बाईनं सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि पुराव्याचा कागद पुढं सरकवला.

त्या खिडकीत सासूविषयी विचारलं असतं तर समीक्षा पहिल्या नंबरानं पास झाली असती. मंगलबाईंना चहात साखर किती लागते, गुडघा कुठला दुखतो, कुठल्या जावेशी बोलणं आहे आणि कुठलीशी नाही, सगळं तिला तोंडपाठ होतं. आखाड संपल्यावर ती कुंडलला परत आली आणि तेव्हापासून त्या मोठ्या घरात दोघीच होत्या. खरं सांगायचं तर आजवर तिचा संसार झाला तो सासूबरोबरच.

आटपाडीहून तिचे वडील आकाराम आले, ते डाळिंबाचं खोकं घेऊन. फलटणहून मंगलबाईंची धाकटी बहीण लीलाबाई आली. आणि मधोमध खुर्ची टाकून बसले मानसिंग, मंगलबाईंचे धाकटे दीर, फौजेतून सुभेदार होऊन रिटायर झालेले. थोरला भाऊ गेल्यापासून या घरातली प्रत्येक अडचण ते मोहिमेवर निघाल्यासारखी हातात घेत. पुढ्यात कोरे कागद, खिशाला दोन पेनं.

"आता शिस्तीत बोलायचं. एकेकानं," मानसिंग म्हणाले. "उद्या पलूसला वकिलाकडं जाऊन प्रतिज्ञापत्र करायचं. मजकूर आज ठरवू. वैनी, तुमी लिहून द्यायचं की आमी आखाड-बिखाड काय पाळला न्हाई. पोरगं इथंच हुतं आन् सून बी इथंच हुती. इषय संपला."

"आवं सुभेदार, संपतुय कसा?" आकाराम म्हणाले. "ती आटपाडीत हुते म्हणून सांगून आलीया. तुमी कुंडलात हुती म्हणून लिव्हलं तर माझी पोरगी खोटी पडंल. त्यापरीस जावई आमच्याकडं राहिलं म्हणून लिव्हा. मी देतो सही. सरपंचाचा दाखला बी आणतो."

"तीन आठवडं आमचा पोरगा सासुरवाडीत पडून हुता म्हणून?"

"पडून कशाला? पाव्हणा म्हणून हुता. आमी दुष्काळी असलो तरी जावयाला दोन घास घालतो की."

"घासाचा प्रश्न न्हाई हो पाव्हणं. गावात कळलं तर काय म्हणतील?"

"गावाला कोण सांगतंय? आपण अमेरिकेला सांगतुय."

मंगलबाई दोघांकडं आळीपाळीनं बघत राहिल्या. दिराचं ऐकलं की तेच बरोबर वाटायचं, व्याह्याचं ऐकलं की ते. पोरगा त्यांच्या डोळ्यांदेखत इथं राहिला होता, सून आटपाडीत होती, आणि आता दीर आणि व्याही त्या दोघांना आपापल्या अंगणात ओढत होते. अर्ध्या तासानं तर त्यांना स्वतःलाच शंका यायला लागली, की आखाड नक्की पाळला होता की नव्हता. डोकं गरगरायला लागलं तसं त्यांनी बहिणीकडं बघितलं.

"लिले, तू तर काय बोल."

"मी काय बोलू अक्का? माझं तर म्हणणं, कुणीच काय लिव्हू नये," लीलाबाई म्हणाली. "झाकली मूठ सव्वा लाखाची. सहा महिन्यांनी परत अर्ज करू."

"सहा महिन्यांनी काय न्यारा पुरावा उगवणार हाय व्हय?" मानसिंग म्हणाले.

खरं म्हणजे लीलाबाई आज मत द्यायला आलीच नव्हती. फलटणहून ती भल्या सकाळी निघाली ती एकाच धास्तीनं. समीक्षाच्या तोंडून काही निसटलं, तर ते सावरायला जवळ कुणीतरी हवं. ती बसली होती समीक्षाच्या अगदी खेटून, आणि मघापासून तिनं दोनदा पुतण्या-भाच्यांचे विषय काढून बघितले होते. कुणी दाद दिली नव्हती.

समीक्षा मान खाली घालून डाळिंबं सोलत होती. मुंबईला जायच्या आदल्या दिवशी मानसिंगनी तिला बजावून सांगितलं होतं, की ती माणसं तिथूनच घरी फोन लावतात आणि तुझं बोलणं पडताळून बघतात, तेव्हा घरच्यांना जे ठाऊक आहे तेच बोलायचं, एक शब्द इकडचा तिकडं करायचा नाही. तिनं ते पाळलं होतं. घरच्यांना जे ठाऊक होतं तेच ती खिडकीत बोलली होती. तिथंच तिचं घोडं अडलं, आणि हे इथं कुणालाही सांगायची सोय नव्हती.

"बरं, त्ये मागनं ठरवू," मानसिंग म्हणाले. "आधी पोरीची तयारी घेऊ. पुढच्या खेपेला आणिक सवाल करतील. समीक्षा, हितं समोर बस. मी सायेब. तुझ्या नवऱ्याची आवडती भाजी कुठली?"

"दोडका," मंगलबाई म्हणाल्या.

"वैनी, तुमचा इंटरव्ह्यू न्हाई. समीक्षा, तू सांग."

समीक्षा घुटमळली. "दोडका न्हाई आवडत त्यास्नी. ताटात पडला तर खात्यात."

"कोण म्हणतं न्हाई आवडत?" मंगलबाईंना ते लागलं. "लहानपणापासनं मी त्येला दोडका करून घालतीया. रजेला आला हुता तवा दोनदा केला."

"तेच म्हणत हुते, की आलो की आई दोडकाच करती," समीक्षा बोलून गेली आणि मग घाईनं म्हणाली, "फोनवर म्हणत हुते."

"बरं. फुडं," मानसिंग म्हणाले. त्यांना आता सायेब होण्याची गोडी लागली होती. त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि एकामागून एक प्रश्न टाकायला सुरुवात केली. नवरा घोरतो का? घोरतो, पण कुशीवर वळवलं की थांबतो. अंघोळ गरम पाण्यानं का गार? गार. झोपताना दिवा लागतो का? लागत नाही. समीक्षा चटाचट सांगत गेली. आकाराम लेकीकडं कौतुकानं बघायला लागले, आणि जरा वेळानं कपाळाला आठी घालून बघायला लागले. पंधरा दिवसांच्या जेवणावळीत हिला हे सगळं कधी कळलं, असा प्रश्न त्यांना पडला असावा. पण बापानं लेकीला विचारावा असा तो प्रश्न नव्हता.

"त्येला कुठलं औषध सोसत न्हाई असं काय हाय का?"

"हाय. तापाचं एक इंजेक्शन सोसत न्हाई, अंगावर गांध्या उठत्यात. मी नर्सला सांगितलं तवा तिनं—"

समीक्षा थांबली. लीलाबाईनं तिच्या गुडघ्यावर हात दाबला, पण उशीर झाला होता.

"कुठली नर्स?" मंगलबाई म्हणाल्या. "माझ्या पोराला आजवर सुई टोचायची पाळी आली न्हाई. त्येला कवा इंजेक्शन दिलं?"

बाहेरून उसाची एक ट्रॉली खडखडत गेली, तिचा आवाज पार फाट्यापर्यंत ऐकू आला.

"फोनवर सांगत हुता असंल," लीलाबाई म्हणाली. "तिकडं घेतलं असंल अमेरिकेत."

"फोनवरनं नर्सला सांगितलं हिनं?"

मंगलबाई भोळ्या होत्या, पण इतक्या नव्हत्या. त्यांनी समीक्षाकडं बघितलं, मग बहिणीकडं बघितलं. बहिणीची मान खाली होती. चाळीस वर्षांपूर्वी फुटलेली बरणी लपवताना ती अशीच बसली होती, आणि मंगलबाईंना ते बसणं चांगलं ओळखू येत होतं.

"लिले," त्या म्हणाल्या, "बोल."

लीलाबाईनं आधी पदरानं तोंड पुसलं आणि मग एकदम सगळं सांगून टाकलं. रजेच्या दुसऱ्या आठवड्यात विश्वजित कंपनीच्या कामासाठी पुण्याला जातो म्हणून घरातून निघाला, तो पुण्याला गेलाच नव्हता. तो आटपाडीच्या फाट्यावर गेला. समीक्षा माहेरी मैत्रिणीच्या लग्नाचं निमित्त सांगून निघाली होती. दोघं फलटणला लीलाबाईच्या दारात येऊन उभी राहिली.

"दारात आल्याली पोरं, मी काय हाकलून दिऊ अक्का? म्हणला, मावशी, मी एवढ्या लांबनं आलोय आन् मला बायकूचं तोंड बघायला मिळंना. आखाड सासू-सुनंचा असतुय, माझा काय संबंध? मी घरात घेतलं दोघास्नी."

"मैत्रिणीचं लग्न?" आकाराम म्हणाले. "आखाडात कुणाचं लग्न असतंय व्हय गं? आन् मी बी येडा, पाठवलं."

"आन् नर्स?" मंगलबाईंनी विचारलं.

"तिसऱ्या दिवशी ताप भरला त्येला," लीलाबाई म्हणाली. "डेंग्यू निघाला. पेशी लय खाली गेल्या. पाच दिवस दवाखान्यात हुता. हीच बसून हुती त्याच्यापाशी, मला सुदिक घरी पाठवायची. कागदावर बायको म्हणून हिचीच सही हाय."

मानसिंगच्या हातातलं पेन तसंच राहिलं. त्यांना एकदम उजाडलं. "अरं, मग ह्यो तर पक्का पुरावा झाला की. दवाखान्याचा कागद हाय, तारखा हायत, सही हाय. आमी हितं सरपंच धुंडाळतुय." ते उठून उभेच राहिले. "समीक्षा, हे तिथं का सांगितलं न्हाईस पोरी?"

"तुमीच म्हणला हुता तात्या, घरच्यास्नी ठावं हाय तेवढंच सांग," समीक्षा म्हणाली. "त्यांनी घरी फोन लावला असता तर आत्यांनी उचलला असता. पोरगं दवाखान्यात हुतं हे आत्यांना त्या बाईकडनं कळलं असतं."

हे तिचं बोलणं खरं होतं, पण पुरतं खरं नव्हतं. पुरतं खरं तिला सांगता येत नव्हतं. फलटणच्या त्या दवाखान्यात पेशींचा आकडा रोज खाली जात होता, तेव्हा ती कॉटशेजारी बसून एकच विचार करत होती, की आपण आखाड मोडला म्हणून हे झालं. शिकली-सवरलेली होती, डेंग्यू डासानं होतो हे तिला ठाऊक होतं, आणि तरी ती हात जोडून बसली होती. माणूस वाचला आणि तिनं कानाला खडा लावला, की हे सासूला कधी कळू द्यायचं नाही.

कारण मंगलबाईंचा आखाड साऱ्या भावकीला ठाऊक होता. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्या माहेरी फलटणला होत्या आणि फौजेतला नवरा आठ दिवसांच्या सुटीवर आला. त्यानं निरोप धाडला म्हणून त्या एका रात्रीपुरत्या कुंडलला आल्या, सासूच्या समोरून घरात शिरल्या आणि पहाटे निघून गेल्या. त्याच पंधरवड्यात सासरे, हरिबा, मळ्यात चालता चालता पडले ते उठलेच नाहीत. सासू सुलाबाई तोंडानं कधी काही बोलल्या नाहीत. बाकी सगळं गाव बोललं, आणि वर्षानुवर्षं बोललं. सुनेला आखाडात दारात येऊ द्यायचं नाही हे मंगलबाईंनी त्यातून शिकून ठेवलं होतं. त्यात सुनेचा राग नव्हता, भीती होती.

आता त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि त्यांना काय वाटतंय हे त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं. पोरगं मरता मरता वाचलं म्हणून काळीज हललं होतं. त्या वेळी आपण इथं बसून शेजारणीला पोराच्या पगाराचं कौतुक सांगत होतो, म्हणून लाज वाटत होती. पुण्याला म्हणून डबाभर लाडू दिले होते, ते फलटणला गेले. परत आला तेव्हा तोंड उतरलेलं होतं, पुण्याचं पाणी बाधलं म्हणाला, आणि आपण मीठ-मोहऱ्यांनी त्याची दृष्ट काढली. पाठची बहीण, तीही यात सामील. राग कुणावर धरावा? पोरावर धरावा तर तो बायकोला भेटायला गेला होता. सुनेवर धरावा तर तिनं त्याला वाचवला होता.

"मला एक फोन केला असता तर मी पळत आले असते," त्या म्हणाल्या.

मंगलबाईंनाच पुढचं ऐकू आलं. पळत आले असते, आणि दवाखान्याच्या दारातच पहिला शब्द सुनेला काय बोलले असते? आखाड मोडलास, आता भोग. गावानं त्यांना जे ऐकवलं तेच त्यांनी तिला ऐकवलं असतं, तेही पोराच्या कॉटपाशी उभं राहून. त्यांना आपला स्वभाव ठाऊक होता. त्या पोरीनं फोन केला नाही ते बरं केलं, असं त्यांना वाटलं, आणि असं वाटल्याचं फार वाईट वाटलं.

"अक्का, त्येला लावू का फोन?" लीलाबाईनं विचारलं.

"नगं. तिकडं आता रात असंल. निजूंदे."

मानसिंग परत खुर्चीवर बसले. त्यांची मोहीम फत्ते झाली होती, पण वहिनीकडं बघून त्यांना ते दाखवता येईना. ते हळू आवाजात म्हणाले, "वैनी, दवाखान्याचा कागद त्यो हायच. तरी बी तुमचं प्रतिज्ञापत्र लागंल. पोरीनं आधी एक सांगितलं आन् आता दुसरं सांगणार, तर ते का, हे सासूनंच लिहून द्याया पायजे. माझ्यापास्नं लपवलं हुतं, मला ठावं नव्हतं, आखाडाचा माझाच हट्ट हुता, असं. तुमचं मन हुईत नसंल तर राहू दे. दुसरी काय तरी वाट बघू."

"तेच बरं," आकाराम म्हणाले. "ईनबाईंनी कशाला कागदावर कमीपणा घ्यावा?"

मंगलबाईंना दोन्ही बाजू दिसत होत्या. सही केली की दोन वर्षं हाताशी असलेली ही पोर जाणार. ती गेली की विश्वजित कुणासाठी रजा काढून येणार? आईसाठी येईल, तीन वर्षांतून एकदा, दोडका खायला. सही नाही केली तर पोर इथंच राहील, चहा करील, गुडघ्याला तेल लावील, आणि रात्री फोनच्या काचेत नवरा बघत बसेल. जबरदस्ती कुणीच केली नसती. त्या नुसत्या गप्प बसल्या असत्या तरी सगळं जिथल्या तिथं राहिलं असतं.

"समीक्षा," त्या म्हणाल्या, "हिकडं ये."

समीक्षा हातातलं डाळिंब ठेवून त्यांच्यापुढं येऊन बसली. तिची बोटं लाल झाली होती.

"तापात त्यो कुणाला हाका मारत हुता?"

लीलाबाईनं मंगलबाईंच्या पाठीमागून खूण केली. आकाराम घाईनं म्हणाले, "तापात माणूस आईलाच हाक मारतंय ईनबाई, दुसऱ्या कुणाला मारणार?" उत्तर सोपं होतं. ते दिलं असतं तर म्हातारपणाकडं झुकलेल्या एका बाईला बरं वाटलं असतं, सहीही मिळाली असती, आणि खोटं कधी कुणाला कळलं नसतं. समीक्षानं ते उत्तर द्यायला तोंड उघडलं सुद्धा. पण समोर बसलेल्या बाईबरोबर ती दोन वर्षं नांदली होती. तिच्याशी एकदा खोटं वागून झालं होतं, आणि ते ओझं तिला आणखी वाढवायचं नव्हतं.

"मला," ती म्हणाली. "माझंच नाव घेत हुते, आत्या."

मंगलबाईंनी डोळे पुसले नाहीत; पदर नीट केला आणि त्या दिराकडं वळल्या.

"भावजी, त्येच लिव्हा," त्या म्हणाल्या. "पोरगं तापानं फणफणलं हुतं, तवा त्येनं आईला हाक मारली न्हाई, बायकूला मारली. आन् खाली माझं नाव घाला, आई म्हणून."